सहावी तार

मी टेलिफोनचा लाइनमन होतो तेव्हाची गोष्ट. खोटं सांगत असेन तर माझी पक्कड गंजो. एका घरात मांजर आणि आजोबा सोडून प्रत्येकाला स्वतंत्र फोन होता. मांजरीला कुणी विचारलं नव्हतं. आजोबांना मात्र त्या यंत्राचा तिटकारा. तरी कुणाचं लग्न ठरलं, कोण कुणावर रुसलं, हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक! गल्ली त्यांना अंतर्ज्ञानी म्हणायची.

सोमवारपासून त्या घरात घंटीच वाजेना. तिथून फोन लागायचा, बोलणंही व्हायचं. बाहेरून आलेला मात्र कळायचाच नाही. मी गुरुवारी पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. थोरली नात दारातच उभी.

"दादा, आज चार ते पाचमध्ये नोकरीचा फोन येणार आहे. उचलला नाही तर जागा दुसऱ्याला देणार. पत्रात त्यांचा नंबरसुद्धा नाही हो!"

मी एक्सचेंजमधून घंटी द्यायला सांगितली. पाचही फोन नुसते 'टिक' करून गप्प.

"म्हणजे लाइन मेली?" तिच्या काकूंनी विचारलं.

"नाही, उपाशी आहे. घरात दोनच तारा येतात आणि सगळे फोन त्यांनाच लोंबकळतात. एक्सचेंजकडून येणारा जोर साधारण पाच घंट्यांना पुरतो. तुमच्या पाचच आहेत, म्हणजे वाजायला हव्यात."

नातीने लगेच आपला प्लग सॉकेटातून उपटला. पुन्हा 'टिक'.

"माझ्याला हात लावायचा नाही हं," काकूंनी आपला फोन पोटाशी धरला.

"काकू, नोकरी माझी जातेय!"

"आणि उद्या माझ्या बहिणीचा फोन आला तर?"

पावणेपाच झाले. मी जिन्याखालचा डबा उघडला. आत तारांचे फाटे मोजले. एक, दोन... सहा! पुन्हा मोजले, तरी सहाच. सहावी तार भिंतीच्या कडेकडेने चपलांच्या कपाटामागून निघाली आणि आजोबांच्या खोलीत शिरली. मी तिच्यामागून निघालो, माझ्यामागून अख्खं घर. पलंगावर आजोबा मांजर कुरवाळत बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग नातीचं तोंड.

"थांबा," म्हणाले आणि उठून कपाट उघडलं. धोतरांच्या घडीखाली कलिंगडाएवढा काळा फोन! "आधीचा लहान होता. त्याच्या प्लगची जीभ तुटली, सॉकेटात टिकेना. म्हणून सोमवारी माळ्यावरचा हा काढला."

"आजोबा, याची घंटी एकटी चौघींचं खाते," मी म्हणालो. "वाजून पकडले जाऊ नये म्हणून घंटीत हे फडकं कोंबलंत, पण खाणं कसं थांबेल?"

"म्हणजे तुम्ही आमचं सगळं बोलणं ऐकत होतात?" काकू ओरडल्या.

आजोबांनी मान खाली घातली, प्लगची जीभ अंगठ्याने दाबली आणि तो ओढला. त्याच क्षणी चार फोन असे खणखणले की मांजर कपाटावर जाऊन बसली. नात काकूंच्या फोनकडे धावली. मागून आलेल्या काकूंनी तो स्वतःच उचलून तिच्या हातात दिला. "हो... हो सर... सोमवारपासून? येते!"

दाराआडून आजोबांनी हळूच विचारलं, "काय गं, काय म्हणाले?"

"विचारावं लागलं का?" काकू म्हणाल्या.