एकाच लॉटच्या चार डिस्क

माझ्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा दिवा आहे. तो सेकंदाला एकदा लुकलुकतो. पाच वर्षं तो हिरवा होता, मग सात महिने पिवळा. आज लाल आहे.

मित्रांनो, मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीतल्या सर्व्हरचं जुनं रेड (RAID) कंट्रोलर कार्ड आहे. चार डिस्कवर माहिती वाटून ठेवणं हे माझं काम. एक डिस्क गेली, तर उरलेल्या तिघींवरून तिची माहिती मला जुळवता येते.

२००१ साली सत्यशीलाबाईंनी मला निवडलं. त्या ज्वारीच्या संशोधक. वाटूर आणि केदारखेड्याच्या प्लॉटांवरच्या १९९५ पासूनच्या नोंदी त्यांना जपायच्या होत्या. त्या नोंदी असल्या तरच त्यांच्या वाणाला मान्यता मिळणार होती. विक्रेत्याला त्यांनी एकच विचारलं, "लिहिता लिहिता लाइट गेली तर?" माझ्यावर अर्धवट लिहिलेलं धरून ठेवणारी बॅटरी होती, स्वस्तातल्या कार्डावर नव्हती. त्या उन्हाळ्यात रोज लाइट गेली, पण एकही आकडा हरवला नाही. "गुणाचं आहे," बाई म्हणाल्या.

डिस्क मात्र भांडार सांभाळणाऱ्या अप्पारावांनी मागवल्या. "चारी एकाच लॉटच्या पायजेत. मिसळीचा माल मला बिलकुल चालत न्हाई." बियाण्यांच्या कंपनीत याला कोण हरकत घेणार? बाईंनीही घेतली नाही. एका लॉटचं बी एकदम उगवतं. एका लॉटच्या डिस्क एकदमच म्हाताऱ्या होतात, हे कुणाच्या मनात आलं नाही.

२००६ च्या जूनमध्ये पहिली डिस्क गेली आणि माझा भोंगा वाजू लागला. प्रत घ्यायची टेप आधीच बिघडलेली. तिच्या दुरुस्तीचा कागद अप्पारावांच्याच टेबलावर पडून.

"अप्पाराव, नवं कार्ड, नव्या डिस्क घ्या. आता एक जरी गेली तर सगळं जाईल."

"मॅडम, काम बराबर चालू हाय ना? मंग? माझी सासूबी रोज अशीच बोंबलती. ठणठणीत हाय!"

सगळे हसले. कुणीतरी भोंगा बंद केला. बाई दर महिन्याला मागणीचा कागद पाठवत राहिल्या. उत्तर एकच, "हंगाम जाऊ द्या."

मित्रांनो, कुणी ओरडून सांगत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी एकदा ऐकून घ्या.

आज सकाळी साडेअकराला दुसरी डिस्क थांबली. उरलेल्या दोघींवरून मला काहीच जुळवता येईना. बाईंनी तीनदा मशीन चालू केलं. पडद्यावर एकाही प्लॉटची नोंद आली नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अप्पाराव दारात आले.

"घ्या मॅडम," ते म्हणाले. "नवं कार्ड, नव्या डिस्क घ्या. मंजूर."