सात दिवसांची माझी आठवण

“जे दिसेल तेवढंच सांग बाबा. कमी नको, जास्त नको.”

मला काचेला चिकटवलं त्या दिवशी हेमाताईंनी असं बजावलं होतं. मित्रांनो, झरी गावातल्या एका पांढऱ्या गाडीत, आरशामागं बसलेला मी डॅशकॅम, समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा. तीन उन्हाळे काढलेत, म्हणजे आमच्या जातीत मी म्हाताराच.

परभणीच्या दुकानात आम्ही दोघे शेजारी होतो. दुसऱ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘फोर के’, माझ्यावर नुसतं ‘टू के’. हेमाताईंचे यजमान उद्धवराव शाळेत लिपिक. त्यांचा हात तिकडंच गेला.

“साहेब, आकड्याला भुलू नका,” दुकानदार सारंग म्हणाला. “तो चित्र मोठं काढतो, पण बिटरेट कमी. म्हणजे दर सेकंदाला लिहितो थोडंच. गाडी पळायली की नंबरप्लेटचा लगदा. हा लहान काढतो, पण नेमकं लिहितो.”

“मग ह्याचा बिटरेट पुरा चढवून द्या.”

“देतो. पण कार्ड तीन-चार दिवसांत भरंल. मग जुनं पुसून नवं. मधला ठेवला तर आठवडा निघतो.”

“आठवड्याचं ठेवा,” हेमाताई म्हणाल्या. “माणसाला आठवायलाही वेळ लागतो.”

रबराच्या वाटीवर बसवायचं की चिकटपट्टीवर, यावर थोडी चर्चा झाली. आपल्याकडच्या मे महिन्यात वाटी सुटून कॅमेरा मांडीत पडतो, असं सारंगनं सांगितलं. म्हणून मला पट्टी मिळाली. बॅटरीवरून वेगळी वायर ओढून त्यानं पार्किंग मोडही लावून दिला. गाडी उभी असताना समोर काही हललं, की मी जागा व्हायचं.

सुरुवातीला शेजारीपाजारी मला बघायला यायचे. उद्धवराव कौतुकानं दाखवायचे. पण मी लिहिलेलं उघडून मात्र कोणी कधी पाहिलं नाही.

खंडेनवमीला हेमाताई विळी, शिलाई मशीन, गाडी अशा राबणाऱ्या साऱ्या वस्तूंची पूजा करतात. यंदा त्यांनी मलाही हळदीकुंकू लावलं आणि हात जोडले.

नंतरच्या शनिवारची गोष्ट. सकाळची शाळा, उद्धवरावांना उशीर झालेला. पुढं सोयाबीनच्या पोत्यांची ट्रॉली. ती ओलांडायला त्यांनी गाडी उजवीकडं घातली. समोरून गावातला दत्ता दुधाचे कॅन लावून मोटारसायकलवर येत होता. हळू येत होता, आपल्या कडेनं. आम्हाला चुकवायला तो रस्त्याखाली उतरला आणि नालीत पडला.

आमच्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. धक्का बसला असता तर ते चित्र माझ्यात आपोआप कुलूपबंद झालं असतं, पुसलं गेलं नसतं. तसं झालं नाही. बाकीच्या चित्रांसारखं तेही सात दिवसांच्या रांगेत उभं राहिलं.

उद्धवरावांनी स्वतः दत्ताला उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. वाटेत ते एकदाच पुटपुटले, “माझीच घाई.” मी तेही लिहून घेतलं. पण लोक विचारू लागले तसं त्यांच्या तोंडून निघालं, “पोरगं लय जोरात आलं.” दत्ताच्या डोक्याला मार, त्याला काहीच आठवत नव्हतं.

तीन दिवसांनी त्याची आई पार्वतीबाई फाटकात आली. हेमाताई गाडीपाशीच होत्या. मी जागा झालो.

“साहेब नसते तर माझं लेकरू हाती लागलं नसतं,” ती म्हणाली. “पण डेअरीवाले म्हणायलेत, असा बेफाम गडी नको. येत्या शनिवारी त्याची फेरी दुसऱ्याला द्यायलेत. ताई, तुमच्या गाडीत क्यामेरा हाय म्हणं. जोरात होता का, तेवढं बघा. असंल तर मीच त्याचा कान धरते.”

“मावशी, त्यात काही असलं तर मी स्वतः तुमच्या दारात आणून दाखवते.”

संध्याकाळी उद्धवराव गाडीतून उतरायच्या आतच हेमाताईंनी कॅमेऱ्याचं विचारलं. ते स्टेअरिंगकडं बघत म्हणाले, “काय दिसणार? तूच त्याच्या डोळ्यात कुंकू भरलंस. सगळं लाल.”

पुढचे दोन दिवस हेमाताई तुळशीला पाणी घालताना माझ्याकडं पाठ करून उभ्या राहायच्या.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. अंगणात शेजारची शेळी हलली तरी मी जागा व्हायचो, लिहायचो, आणि माझ्या प्रत्येक लिहिण्यानं दत्ताचं चित्र पुसलं जाण्याच्या जवळ सरकायचं. थांबावं म्हटलं तरी थांबता येत नाही. मी तसाच बनवलेला आहे.

आज शुक्रवार. हेमाताईंचा उपवास. सकाळची पूजा उरकून त्या ओलं फडकं घेऊन गाडीत बसल्या. “चुकलं रे बाबा माझं,” असं म्हणत त्यांनी मला पुसलं. मग फडक्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. कुंकू माझ्या कपाळावर होतं, वरच्या प्लॅस्टिकवर. डोळ्यावर एक कणही नव्हता.

मग त्यांनी माझी बटणं चाचपडत दाबली. लहानशा पडद्यावर ट्रॉली आली, दत्ता आला, आणि शेवटी तो आवाज आला, “माझीच घाई.” त्यांनी ते दोनदा ऐकलं.

उद्धवराव पायरीवर आले. “काय करायलीस?”

“कुंकू डोळ्याला लागलंच नव्हतं हो.”

त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांचे आकडे जरूर बघा. पण आम्ही पाहिलेलं वेळेत उघडूनही बघत जा. आम्ही नुसतं पाहतो. पाहिलेलं जपणं आमच्या हातात नाही.

हेमाताईंनी माझं कार्ड काढलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. आता मला दिसतं, पण लिहिता येत नाही.

“चहा गार व्हायलाय,” त्या उद्धवरावांना म्हणाल्या. “मी पार्वतीमावशींना घेऊन डेअरीच्या कॉम्प्युटरवर हे दाखवून येते.”

त्यांनी फाटक हळूच लावलं. पदराची गाठ मुठीत धरून त्या डेअरीच्या रस्त्यानं चालायला लागल्या आहेत.