चौदावी लढत

निकेतनं ट्रेलरच्या टायरवर खडूनं दोन आकडे लिहिले, एकोणपन्नास आणि शून्य, आणि खडूचा हात तसाच विनेशच्या नाकापुढं नाचवला.

"आता बोल. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास जिंकल्या. मार्सियानो. दुसरा दाखव असा बॉक्सिंगचा हेवीवेट चॅम्पियन, एकदाही न हरता घरी बसलेला."

"दाखवतो की," विनेश म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

बंदराच्या गेटबाहेरची ट्रेलरची रांग सकाळी सहापासून जिथल्या तिथं होती. आता तीन वाजत आले होते. पुढची गाडी कुलदीपची, मधली विनेशची, मागची निकेतची. तिघं एकाच गावचे. मधल्या गाडीच्या सावलीत तिघं बसलेले. बाटलीतलं पाणी चहासारखं तापलेलं, आणि बोलायचा उत्साह काय तो एकट्या निकेतकडं उरलेला. पण त्याचा एकट्याचा तिघांना पुरून उरेल एवढा होता.

"तुझ्या मार्सियानोनं मारलं कोनाला?" विनेश डोळे न उघडता बोलला. "जो लुईसला. तवा लुईस सदतीस वर्षांचा. दमलेला मानूस. त्याला पाडला त्यात कसली मर्दुमकी? अली बघ. पाच वेला हरला, पन फोरमनला पाडला, फ्रेझरला पाडला. कोनाला मारलं ते मोज ना जल्ला, किती वेला ते काय मोजतंस?"

"हरला तो हरला, दादूस. एकदा शून्य गेलं की गेलं. परत येत नाय."

"सदतीस म्हणजे माझ्याहून एकच वर्षानं मोठा," कुलदीप मधेच म्हणाला आणि कमरेमागं घडी करून ठेवलेला टॉवेल जरा वर सरकवला. मणक्याची गादी सरकल्यापासून टॉवेलाशिवाय त्याला बसता येत नव्हतं, आणि डॉक्टरनं तर सांगितलंच होतं, गाडी सोड. सोडून करू काय, ते डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

करण्यासारखं काहीतरी आता निघालं होतं. पेणला एका संस्थेनं बॉक्सिंगचा वर्ग काढला होता, त्यांना शिक्षक पाहिजे होता. जागा एकच. अर्ज मोबाइलवरून भरायचा, आज पाचपर्यंत. तो भरायचं काम अर्थातच निकेतनं अंगावर घेतलं होतं, कारण कुलदीपच्या लढती कुलदीपपेक्षा त्यालाच जास्त पाठ. चौदा लढती, चौदा जिंकल्या. निकेत अकरा वर्षांचा होता तेव्हा गावच्या नाक्यावर कुलदीपचा बॅनर लागलेला, त्यावर 'अजिंक्य' लिहिलेलं, आणि त्या शब्दाचा अर्थ त्यानं शाळेत बाईंना विचारला होता.

"आपला मार्सियानो हा बसलाय इथं," तो फॉर्म भरता भरता म्हणाला. "शून्य बघूनच घेतील तुना. एवढं शेवटचं रायलं. चौदावी लढत, अलिबागची जिल्हा फायनल. तिचंच मना काय म्हाईत नाय. समोर कोन होता? आणि पॉइंटवर मारलास का नॉकआउट?"

कुलदीपनं बाटली उचलली, पाणी न पिताच खाली ठेवली.

"नॉकआउट टाक," विनेश म्हणाला. आता त्याचे डोळे उघडे होते. "दुसऱ्या राउंडला. मीच होतो समोर. झोपलो आडवा."

निकेत हसायलाच लागला. "तू? आणि मना इतकी वर्षं कोन बोलला नाय?"

"मार खाल्लेला कोन सांगत फिरतो?"

"खोटं बोलतोय," कुलदीप म्हणाला. आवाज अगदी साधा, रस्ता सांगावा तसा. "फायनल झालीच नाय. फायनलला आम्हीच दोघं, आणि दोघं एकाच शेठच्या गाड्यांवर. शेठ बोलला, एकालाच सुट्टी, दुसऱ्यानं गाडी घेऊन गुजरातला, मुंद्र्याच्या बंदरात जायचं. सकाली उठून बघतो तर हा गाडी घेऊन गेलेला. मना न सांगता. मी रिंगमधी उभा एकटा, समोरचा कोपरा रिकामा. पंचानं माझा हात वर केला."

"मग वॉकओव्हर," निकेत घाईघाईनं म्हणाला. "वॉकओव्हर म्हणजे पन जिंकलाच."

"प्रॅक्टिसला हा मना रोज मारायचा. रोज. गावात कोनाला म्हाईत नाय, कारन आम्ही दार लावून खेलायचो." कुलदीपनं मान फिरवून मोबाइलकडं पाहिलं. "त्यात काय काय विचारलंय?"

"जिंकलेल्या किती, हरलेल्या किती, शेवटच्या लढतीला समोर कोन आणि निकाल कसा. बस. न झालेली लिहायला जागाच नाय."

"मग जिंकलेल्या तेरा लिही. हरलेली एक."

"दादूस, अरे…"

"लिही."

विनेश सावरून बसला. "म्हणजे माझी मुंद्र्याची ट्रिप फुकट गेली म्हन की."

कुलदीप हसला, निदान तसं काहीतरी केलं. तेवढ्यात पुढं कुठंतरी एक इंजिन सुरू झालं, मग दुसरं, आणि सावलीत पडलेली माणसं रांगभर उठू लागली. कुलदीप टायरला धरून आधी गुडघ्यावर आला, मग उभा राहिला. टॉवेल खांद्यावर टाकून तो आपल्या गाडीकडं चालायला लागला. केबिनची पहिली पायरी चढायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

विनेशनं ते पाहिलं आणि निकेतच्या अगदी जवळ आला.

"चौदा-शून्यच टाक," तो हळू म्हणाला. "तो काय वाचायला येतोय? त्याची कंबर बघ. दुसरा पावसाला नाय काढायचा तो ह्या गाडीवर."

विनेश आपल्या केबिनमध्ये चढला. निकेत मोबाइल धरून उन्हात उभा. चौदा लिहिलं. शून्य लिहिलं. ते आकडे त्याला लहानपणापासून आवडत होते, आणि आता किती छान दिसत होते. मग त्यानं ते पुसले, बराच वेळ बोट अधांतरी ठेवलं, आणि दुसरे लिहिले. समोर कोण होता ते विचारलं होतं, तेही भरलं. अर्ज गेला.

मधल्या गाडीच्या खिडकीखाली तो थांबला.

"टाकलास?"

"टाकला."

"किती?"

"तो बोलला ते."

विनेशनं जिभेनं 'च्यक' केलं. पुढं कुलदीपची गाडी हलली होती, दोन गाड्यांत आता चांगली एका ट्रेलरची जागा पडली होती.

"जल्ला गाढव," तो म्हणाला. मग पुढं बघतच, "तो हरला, मग जिंकला कोन लिवलंस?"

"तुझं नाव लिवलंय."

विनेशचा हात गियरवर होता. मागून हॉर्न सुरू झाले, पहिला एक, मग चार-पाच. डाव्या बाजूनं कुणीतरी पुढच्या मोकळ्या जागेत गाडी घुसवली. निकेतनं खालून दरवाजा थोपटला, "दादूस, नंबर गेला," पण विनेश काचेतून समोर बघत राहिला.