खंडेरावाची कावड

चाळीच्या नळावर बाराही महिने मध्येच हंडा घुसवणारा माणूस आश्विन लागला की देवीला पाणी घालायला निघतो, आणि लोक त्याच्या पाया पडतात. विमलाबाईला याचंच हसू यायचं. सातपूरच्या कारखान्यातला फिटर खंडेराव. कोजागिरी जवळ आली की भगवी लुंगी, कपाळभर कुंकू, आणि अख्खी चाळ त्याला 'भगत' म्हणायची. मेला भगत!

त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडात दोन कळश्या भरायच्या, कळश्यांच्या तोंडाला लाल फडकं बांधायचं, काठीच्या दोन टोकांना अडकवायच्या आणि अनवाणी चालत वणीच्या गडावर देवीच्या अभिषेकाला न्यायच्या. वाटेत कावड जमिनीला टेकली की संपलं. माघारी जा, पुन्हा भरा. जेवायला बसायचं तर सोबत्याच्या खांद्यावर द्यायची.

विमलाबाईचा नवरा धोंडीराम औंदा पहिल्यांदाच निघाला होता. कारखान्यात त्याचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला, बोटं हलेनात, तेव्हा त्यानं कावडीचा नवस केला होता. हात चालू झाला. आता नवस फिटला नाही तर हात पुन्हा जाईल, ही भीती त्याच्या मनात अशी बसली होती की झोपेतसुद्धा तो मूठ मिटून बघायचा. विमलाबाई भाकरींचं बोचकं घेऊन मागं मागं चालत होती.

दिंडोरी मागं पडली. डांबर तापलं, सगळ्यांचे खांदे सोलवटले. खंडेराव मात्र पुढं. आपली कावड तो कुणालाच द्यायचा नाही, जेवायचासुद्धा खांद्यावर घेऊनच. गावोगावच्या बाया त्याच्या पायावर डोकं ठेवायच्या. आणि हा गडी लग्नाला आल्यासारखा झुणका-भाकरी चापायचा.

वणीच्या अलीकडं धोंडीरामला भोवळ आली. कावड कलली. शेजारी चालणारा म्हातारा पुंजाराम 'आरं आरं' करत नुसता उभा. विमलाबाईनं बोचकं फेकलं आणि काठी आपल्या खांद्यावर झेलली. पाणी हिंदकळलं, पण कळशी जमिनीला लागली नाही.

"बाटलं पाणी!" खंडेराव गरजला. "बाईचा खांदा लागला. वता ते, वयनी. पुढल्या साली या."

"आवो, उद्या कोजागिरी हाय. आता कुठं माघारी जानार?"

"देवीचा कायदा हाय. माझा नाय."

धोंडीराम रस्त्याकडेला बसून रडायला लागला. चांगला मिशावाला बाप्या, पण उजवी मूठ छातीशी धरून लहान पोरागत रडला. "भगत म्हनतो ते खरंच आसंल," म्हणाला, आणि लटपटत उठून स्वतःच फडक्याची गाठ सोडू लागला.

विमलाबाईचं पित्त खवळलं. नवऱ्यावर जास्त की खंडेरावावर, तिचं तिलाच कळेना. "थांबा वो," ती म्हणाली, "आधी चांगल्या पान्याच्या पाया पडू द्या." कावड खांद्यावर तशीच ठेवून ती खंडेरावापाशी गेली आणि त्याच्या कळशीला खालून बोट लावलं. तो मागं सरकायच्या आत कळशी वर उडाली. तिनं टिचकी मारली. टण्ण!

"उन्हानं आटलं व्हय, भगत?"

खंडेराव खाली बघत पुटपुटला, "दरसाल गडाखाली नांदुरीच्या विहिरीवर भरतो. पाठीचं दुखनं हाय मला."

"दरसाल! आन् आमच्या मानसाला कायदा शिकवतोस?"

पुंजाराम मध्ये पडला. "वयनी, आता समद्यांना कळलं, विहिरीचं पानी घातलं तर गडावर सातपूरची आब्रू जाईल. तुमच्या कळशीतलं थोडं थोडं भगताला वता."

"ते बाटलंय ना?"

"तेवढं चालतंय."

खंडेरावानं फडकं सोडून कळशी पुढं केलीसुद्धा. अगदी नळावर हंडा घुसवायचा तशीच.

"नंबर लाव," विमलाबाई म्हणाली. "कुशावर्त मागं हाय."

धोंडीरामनं खंडेरावाच्या रिकाम्या कळशीत डोकावून बघितलं. मग सोडलेली गाठ त्यानं पुन्हा आवळली, उजव्या हातानं. "चल," म्हणाला, "जरा येळ तूच धर."

पुढच्या गावात बाया पुन्हा खंडेरावाच्याच पाया पडल्या. तो रिकामी कावड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता, पण जमिनीला काही टेकू देत नव्हता.