सोमवारची धडधड

शेखलालच्या गॅरेजात दानम्मा स्टुलावर बसली होती ती पाहुणी म्हणून नव्हे, पाळत ठेवायला. सोमवार होता. सोमवारी संध्याकाळची पूजा होईपर्यंत तिचं मौन असे, आणि पोटात अन्नाचा कणही नसे. पण डोळ्यांना काही व्रत नव्हतं. ते शेखलालच्या हातांवरून हलत नव्हते.

संशयाला कारणही तसंच होतं. तिच्या घरची जुनी डिझेल गाडी दसऱ्यापर्यंत शहाण्या बैलासारखी चालायची. दसऱ्यानंतर पुतण्या अभिमन्यू ती साखरपुड्याला म्हणून अकलूजला घेऊन गेला, आणि येताना इंजिनाखालची रबरं बदलायला परस्पर शेखलालकडे सोडून आला. शेखलालकडून ती घरी आली ती धडधडतच. उभ्या जागी आरसे थरथरत. तिचा नवरा निंगप्पा मंद्रूपच्या बाजाराला भांडी विकायला घेऊन निघाला की मागच्या पातेल्यांचा असा खणखणाट होई, की रस्त्यावरची माणसं वळून बघत. "नवी रबरं हायेत, बसायला वेळ लागंल," शेखलाल म्हणाला होता. दानम्माला ते काही पटलं नाही. चांगली गाडी दिली आणि आजारी परत आली. मधे हात कुणाचा होता?

"नवी म्हणून जुनीच घातली असतील," आदल्या दिवशी ती नवऱ्याला हळूच म्हणाली होती. "न्हाय तर आतलं काय तरी काढून घेतलं असंल. मी काय बघायला गेलते व्हय? आपलं वाटतंय."

दानम्मा आवाज चढवून कधी बोलत नसे. त्यामुळं तिचं बोलणं निंगप्पाच्या मनात जाऊन बसे आणि तिथून उठत नसे. शेखलाल आणि तो लहानपणचे सोबती. गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागू द्यायचा नाही, हा निंगप्पाचा हट्ट. तोच निंगप्पा आज गॅरेजात शिरताना म्हणाला, "आज काय ते सापडलं पायजे, शेखलाल. न्हाय तर गाडी दुसरीकडं नेतो. आपलं येणंजाणं बी संपलं."

"इंजिन हलतंय का तुजं डोकं?" शेखलाल हसला. निंगप्पा हसला नाही, तेव्हा त्यानं मुकाट बॉनेट उघडलं.

आधी त्यानं खालची रबरं दाखवली. दानम्मा वाकून बघून आली. कोरी होती, काळी कुळकुळीत. तिचा एक संशय गळाला, दुसरा तसाच राहिला.

मग गाडी चालू ठेवून शेखलालनं डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले आणि परत आवळले. "ज्या नळीला आवाज बदलणार न्हाय, ते सिलिंडर झोपलेलं," तो स्वतःशी बोलल्यासारखा बोलला, पण ते वैनीला ऐकू जावं म्हणूनच. प्रत्येक नळीला इंजिन अडखळलं. सगळी सिलिंडरं जागी होती. दानम्माला वाटलं, मुद्दाम तमाशा चाललाय.

"ठोका कडक पडतोय," शेखलाल कान देऊन म्हणाला. "डिझेल वेळेच्या आधी उडतंय. टायमिंग हाललंय." गाडी बंद करून, टॉर्च घेऊन तो डिझेलच्या पंपाशी वाकला आणि बोटानं काजळी खरवडून बघू लागला.

"निंगप्पा, पंप कुणी खोलला?"

"कुणी म्हणजे? गाडी तुज्याकडंच होती की!"

"मी हात लावला न्हाय. नटावर पान्याचे ताजे ओरखडे बघ. आन् पंपावरची रेघ ह्या लाल ठिपक्यासमोर आणून बसवलीय. इंजिनावरची खरी खूण ही हितं, अर्धं बोट बाजूला, काजळीखाली. मी छिन्नीनं मारलेली. लाल रंग मी कधी वापरतो का?"

"वा! तुज्या गॅरेजात झालेलं तुलाच म्हाईत न्हाय?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी कुटं म्हणलो? तूच म्हणतोयस."

"बोल की सरळ! चोर हाय म्हण!"

निंगप्पानं किल्ली ओढून काढली. "चल गं," तो दानम्माला म्हणाला. "हितं परत पाय ठेवायचा न्हाय."

दानम्मा उठली, पण तिची नजर टॉर्चच्या उजेडातल्या त्या ठिपक्यावर खिळली होती. तिनं तो ओळखला. पंप म्हणजे गाडीचं काळीज, असं निंगप्पा नेहमी म्हणे. म्हणून खंडेनवमीला गाडी पुजताना तिनं बॉनेट उघडायला लावलं होतं, आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट पंपाशेजारी इंजिनाला टेकवलं होतं. वाळून ते रंगासारखं घट्ट बसलं होतं.

ती गप्प राहिली असती तर कुणी काही म्हणणार नव्हतं. सोमवारच होता. निंगप्पा पायरी उतरला.

"थांबा," दानम्मा म्हणाली.

शेखलालच्या हातातला टॉर्च खाली आला. "वैनी... आज सोमवार की!"

"कुंकू हाय ते. मी लावलंय." तिनं ठिपक्याकडे बोट दाखवलं. "ह्यांच्या मनात तुमच्याबद्दलचा संशय बी मीच भरवला. आन् अवं, अभिमन्यूला फोन लावा. त्या दिवशी गाडी हितं सोडून घरी आला, तर चहाला बी थांबला न्हाय."

अभिमन्यूनं आधी आढेवेढे घेतले. मग फोनमधून बारीक आवाज आला, "काका, तुमी वरडाल म्हणून... वाटंत डिझेल गळाय लागलं. अकलूजच्या मिस्त्रीनं पंप काढून सील बदललं. खूण बघूनच बसवला की! लाल खूण चांगली दिसत होती."

"गाढवा, ती तुज्या काकूच्या पूजेची! आन् येताना हलत नव्हती का गाडी?"

"हलत हुती. रबर बदलल्यावर थांबंल वाटलं."

"मला बी तेच वाटलं, म्हणून वेगळं काय सांगितलं न्हाय," शेखलाल पुटपुटला.

त्यानं पंप सैल केला, रेघ छिन्नीच्या खुणेसमोर आणली, नट आवळले, नळ्यांतली हवा काढली. निंगप्पानं किल्ली फिरवली. आरसे जागच्या जागी राहिले. तरी तो किती तरी वेळ खाली उतरेना.

"चहा सांग की," शेवटी तो शेखलालकडे न बघता म्हणाला.

"पाय मोडलेत का तुजे? तूच जाऊन सांग."

निंगप्पा गेला. शेखलालनं रॉकेलचा बोळा ठिपक्याकडे नेला आणि थबकला. पूजेचं कुंकू पुसायला त्याचा हात होईना. दानम्मानं बोळा त्याच्या हातून घेतला आणि ठिपका स्वतः पुसून काढला. ती पुन्हा गप्प झाली होती. संध्याकाळ अजून व्हायची होती. बोट वर करून तिनं डोळ्यांनीच विचारलं, पुढच्या दसऱ्याला कुठं?

शेखलालनं एअर फिल्टरच्या झाकणावर टिचकी मारली. "हितं लावा, वैनी. पायजे तेवढं."