आवाजावर जाऊ नका

दुपारचे सव्वातीन वाजले होते. भिंगरी शाळेतून आली, दप्तर दारातच टाकलं आणि उंबऱ्यावर बसून खांदे उचलत श्वास ओढायला लागली. मी तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर होतो. मी तिचा दम्याचा निळा पंप बोलतोय, आणि आज गोड बोलणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. बनवणाऱ्यांनी माझ्या पाठीला एक छोटी खिडकी ठेवली. मला एकदा दाबलं की तिच्यातला आकडा एकाने उतरतो. शून्य आलं की औषध संपलं. एवढी साधी सोय, पण माणसं माझी पाठ कधी बघतील तर शपथ.

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या आईला बजावलं होतं, "हा फक्त हिचा. धाप लागली की लगेच द्यायचा." आईने मला फळीवर ठेवलं, पटकन हाताला यावं म्हणून. हाताला आलो खरा, पण सगळ्यांच्याच.

शेजारच्या काकू जिना चढून आल्या की, "दे गं जरा, जीव घाबरा झालाय." भिंगरीचा काका तर माझं रोजचं गिऱ्हाईक. गॅलरीत सिगारेट ओढायची, मग खोकत खोकत आत यायचं आणि मला तोंडात धरायचं. आधी धूर, वरून मी. लाज मला वाटायची, त्याला नाही. आई काही बोलली की तो मला कानाशी धरून हलवायचा. "भरपूर आहे, वहिनी. उगाच काळजी करता." ती मला पुसून परत फळीवर ठेवायची. नात्याने दीर पडला ना.

हलवून बघायला मी काय नारळ आहे?

त्या दुपारी आईने मला स्पेसरला, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला, जोडलं आणि दाबलं. फुस्स झालं.

"आलं हं औषध. ओढ, बाळा."

औषध कुठलं? आत औषध ढकलणारा नुसता वायू उरला होता. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा फुस्स. भिंगरीच्या बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. तिला 'आई' एवढंसुद्धा एका दमात म्हणता येईना.

"आवाज येतोय म्हणजे आत जातंय," आई स्वतःलाच समजावत राहिली. मला स्वतःच्या आवाजाची इतकी चीड कधी आली नव्हती.

पोरीचे ओठ काळवंडले तशी आईने तिला उचललं आणि मला मुठीत धरूनच दवाखाना गाठला. भिंगरीच्या तोंडावर मास्क लागला, औषधाची वाफ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी मला उलटं केलं.

"अहो, हा तर शून्यावर आहे. कधीचा."

आईने मला हातात घेऊन तो आकडा स्वतः वाचला.

भिंगरीला घेऊन ती घरी परतली तेव्हा काका दारातच होता. तिने मला त्याच्यापुढे धरलं. "आकडा वाचा, भावजी."

"शून्य. मग?"

"ते हिचे श्वास होते. तुम्ही ओढलेत."

"दोनदा दाबल्याने काय होतंय, वहिनी?"

"तुम्हाला काहीच झालं नाही. तेच म्हणतेय मी."

आईने मला फेकलं नाही. गॅलरीच्या दारावर खिळ्याला टांगून ठेवलंय. काका आता सिगारेट घेऊन रस्त्यावर जातो. काकूंनाही तिने सरळ सांगितलं, "डॉक्टरांना दाखवा आणि स्वतःचा आणा." नवा पंप भिंगरीच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत असतो. सकाळी वेणी घालायच्या आधी आई त्याचा आकडा बघते.

माझा राग मात्र गेलेला नाही. तुमच्या घरी असा पंप असेल तर आत्ता उठा आणि त्याची पाठ बघा. आकड्याची खिडकी नसेल तर औषधवाल्याला विचारा, किती वेळा दाबल्यावर संपतो ते. आणि शेजारी एखादं लेकरू धापा टाकत असेल, तर त्याच्या आईला जाऊन सांगा: संपलेला पंपसुद्धा फुस्स करतो.