पाटावरचं चाक

ज्या साली लेक चिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, त्या चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात एका दुपारी हिरामणने सागाचा तुकडा लेथवर चढवला, मोटरचं बटण दाबलं आणि पटाशी लाकडाला लागायच्या आतच पुन्हा बंद केलं. मोटर घुरघुरत थांबली. लाकडाने दोन गिरक्या घेतल्या आणि तेही उभं राहिलं.

"का रं?" चांगोने विचारलं. तो रोजच्यासारखा पडवीच्या उंबऱ्याशी, भुशाच्या पोत्यावर बसला होता.

हिरामणने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं खिळ्याला विजेचं बिल टोचलेलं होतं.

सकाळी नवशा वायरमन येऊन गेला होता. दर वाढले ते सगळ्यांनाच वाढले, पण हिरामणचं दुखणं निराळं होतं. घरच्या मीटरवर मोटर चालवायची नाही, मोटर असेल तिथं धंद्याचा दर लागणार, असं नवशाने सांगितलं. हिरामणने त्याला हर तऱ्हेने समजावलं, की बाबा रे, कसला धंदा? एक लाटणं आजवर विकलेलं नाही. नवशाला ते ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या घरात हिरामणने केलेल्या ताकाच्या दोन रव्या आणि पोरांचे चार भोवरे होते. तरी तो खाली मान घालून म्हणाला होता, "काका, मीटरला काय कळतंय, धंदा का हौस?"

हिरामणने खोपोलीच्या कागद गिरणीत सव्वीस वर्षं फिटरच्या हाताखाली काढली होती. गिरणीने जुनं सामान भंगारात काढलं तेव्हा हा लेथ त्याने उचलला, शिळफाट्यापासून बैलगाडीत घालून आणला आणि मागच्या पडवीत बसवला. लोक म्हणत, म्हातारपणी माणूस देवाला लागतो, हा लाकडाला लागला. दुपारचं जेवण झालं की तो पडवीत शिरे तो दिवे लागेपर्यंत. आणि आता तर निमित्त साधं नव्हतं. नातवाचा किंवा नातीचा पाळणा करायचा होता. कातीव गजांचा, चोवीस गजांचा. सात झाले होते.

"इतक्याशापायी हात टेकलंस व्हय?" चांगो म्हणाला. "मोटर नव्हती तवा लोकांनी पाळणं क्येलं नाय का?"

चांगो त्याच गिरणीत बॉयलरवर होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन घरं सोडून पलीकडे तो मुलाच्या घरी राहत होता. राहत होता म्हणजे जेवायला आणि निजायला. बाकीचा चांगो या पोत्यावर असे.

दोघांनी मिळून तोड काढली. हिरामणच्या परसात बैलगाडीचं एक चाक पडून होतं. दोन खांब पुरून त्यांच्यामध्ये ते आडव्या आसावर चढवलं. गिरणीतला टाकून दिलेला पट्टा त्याच्या लोखंडी धावेवरून लेथच्या कप्पीवर आणला. पहिल्या दिवशी पट्टा घसरू लागला, तेव्हा त्याला राळ चोळली. मग चाक एका अंगाला जड निघालं आणि लेथ गदगदा हलू लागला. तर समोरच्या अंगाला शिशाचा गोळा बांधून तोल साधला. चाकाला बाभळीची मूठ हिरामणने स्वतः कातून बसवली, चांगोच्या पंज्याचं माप घेऊन.

मग रोज दुपारी चांगो चाक फिरवी आणि हिरामण पटाशी धरी. बोलणं दोनच शब्दांचं. "हं" म्हटलं की सुरू, "बस" म्हटलं की बंद. पुढं पुढं "बस" म्हणायचीही गरज उरली नाही. लाकडात गाठ आली की पटाशीचा आवाज बदले आणि तेवढ्यावर चांगो चाक हळू करी. गाठ सरली की पुन्हा वेग देई. हिरामणला वाटे, आपला हात बसलाय.

दम खायला थांबले की फळीवर खडूने अक्षरं चालत. हिरामण स्वतः चाळिशीत शिकला होता, गिरणीच्या वर्गात, आणि त्याने चांगोला या पडवीत शिकवलं होतं. शिकवताना एक घोटाळा झाला. प्रत्येक अक्षरावर रेघ पुरती ओढायची, छप्पर नसलं तर अक्षर गळतं, असं हिरामणने ठणकावून सांगितलं. मग चांगोच्या हाताखाली 'ध' चा 'घ' होई आणि 'भ' चा 'म'. पुढं चिमा शाळेत जायला लागली तेव्हा तिने बापाला हसत हसत सुधारलं, की बाबा, काही अक्षरांना अर्धंच छप्पर असतं. हिरामण सुधारला. चांगोला सांगायचं मात्र राहून गेलं. मग वाटलं, एवढ्या वयात आता कशाला त्याला खजील करा.

मार्गशीर्ष लागला. दहा गज हाताच्या चाकावर झाले. एका संध्याकाळी हिरामणने पाहिलं, चांगो उठताना उजवं मनगट डाव्या हाताने चोळतोय. साठीचा गडी, आपल्या हौसेपायी बैलासारखा राबतोय. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला पाटाचं पाणी ऐकू आलं.

पाट पडवीच्या मागूनच जात होता. घाटावरून मोठ्या नळांतून उतरलेलं पाणी वीजघरात आपलं काम करून बाहेर पडे आणि त्यातलं थोडं या पाटाने गावात येई. वीज मुंबईला जाई; गावाच्या वाट्याला हे काम संपलेलं पाणी. पण त्याला बारा महिने ओढ होती.

दुसऱ्या दिवशी हिरामणने बेत सांगितला. चांगोने ऐकून घेतलं, पाणी चाक फिरवील का नाही यावर थोडी हुज्जत घातली, मग धोतर खोचून पाटात उतरला. खांबांवरून गाडीचं चाक काढलं. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून त्याला पाती ठोकली. मूठ आता नडत होती, ती चांगोनेच उपटून बाजूला ठेवली. पाणी चढावं म्हणून पाटात गुडघाभर उंचीचा फळ्यांचा बांध घातला. त्याची एक फळी उचलली की चाक थांबावं, अशी सोय ठेवली. खालच्या अंगाला सहदेवची शेतं होती. हिरामणने त्याला आधी विचारलं. सहदेव म्हणाला, पाणी चाकावरून पडून माझ्याकडंच येणार ना, मग मला काय?

चाक फिरलं त्या दिवशी निम्मं गाव पाटावर गोळा झालं. पट्टा सळसळत पडवीत शिरला, लेथ गरगरू लागला. हिरामणच्या बायकोने, मोतीबाईने, गूळ वाटला. हिरामणने सगळ्यांच्या देखत चांगोच्या पाठीवर थाप मारली.

"सुटलास गड्या. आता नुसता बसून बघ."

चांगो हसला. पोत्यावर जाऊन बसला.

पाण्याला गाठ कळत नव्हती. पहिला गज गाठीवर पटाशी अडकून मोडला, दुसरा चिरला. हिरामण म्हणाला, जमेल हळूहळू, आणि खरंच चार गज पार पडले. चाकाच्या नादात बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून बोलणं उरलं नाही. चांगो उशिरा येऊ लागला, मग एकाआड एक दिवस, आणि पौषात तर आठवड्यातून एकदा डोकावून गेला. मोतीबाईने दोनदा विचारलं, चांगोभाऊजी दिसत नाहीत ते. हिरामण म्हणाला, आराम करत असेल.

पौष वद्य सप्तमीला चिमाला मुलगा झाला. चौथ्या दिवशी, पाळण्याचे तीन गज बाकी असताना, पाटाच्या ऑफिसातून साहेब आले.

साहेब तरुण होता आणि बोलायला बरा होता. त्याने बांध पाहिला, चाक पाहिलं, खाली सहदेवच्या शेतापर्यंत चालत जाऊन आला. पाणी कुठंच कमी नव्हतं, हे त्याने स्वतःच कबूल केलं. पण अर्ज आला होता, आणि पाटात कुणाला काही घालता येत नाही हा कायदाच होता. चाक आज काढा, मी बाकी काही लिहीत नाही, असं म्हणून तो पडवीत बाजेवर टेकला. मोतीबाईने चहा दिला.

"तुमचं कुणाशी वाकडं आहे का?" त्याने विचारलं.

"नाय साहेब. माजं कुणाशी वाकडं नाय."

"अर्जावर नाव नाही. पण गंमत आहे. दंड करा, गुन्हा नोंदवा, असं लोक लिहितात. याने नुसतं चाक काढा एवढंच तीनदा लिहिलंय. शिकलेलाही दिसत नाही." त्याने कागद पुढं केला. "हे बघा, बांधाला बांघ."

हिरामणने कागद उजेडाकडे धरला. तो सावकाश वाचत असे, एकेक अक्षर ओठांत घेऊन. पाटात बांघ घातला हाय. माताला पानी जात नाय. चाक काडावे. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ पुरती होती. कुठंही गळती नव्हती.

त्याने कागदाची घडी होती तशी घातली आणि परत दिली.

"ओळखीचं अक्षर आहे?"

"नाय," हिरामण म्हणाला. "चहा घ्या, निवतोय."

चाक काढायला सहदेव आला. दोघांनी ते ओढून पडवीशी टेकवलं. पाती हिरामणने एकेक करून उपटली. पाट होता तसा वाहू लागला. सहदेव सारखा म्हणत होता, कुणाचं पोट दुखलं असंल रं. हिरामण पत्रे मोजून एकावर एक रचत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, चांगो आला. किती दिवसांनी ठरल्या वेळेला आला. आल्या आल्या भिंतीला टेकलेल्या चाकाशी गेला, त्याचा आस हाताने फिरवून पाहिला.

"खांब हायतंच अजून," तो म्हणाला. "चडवायला घटकाभर लागंल. बारशाला आठ दिस हायत ना? तीन गज म्हंजी दोन दिसांचं काम."

हिरामण लेथपाशी उभा होता, हातात कातायचा तुकडा होता.

चांगोने सदऱ्याखालून एक फडकं काढलं आणि सोडलं. आत बाभळीची मूठ होती. तिला तेल चोळलेलं होतं. नुकतंच नव्हे, बरेच दिवस रोज चोळावं तसं. लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालं होतं.

हिरामणने हातातला तुकडा खाली ठेवला.

"तुजा हात दुखत व्हता," तो म्हणाला. "म्हून मी ते पाण्याचं केलं."

"मी कदी म्हनलो, दुखतो म्हून?"

"चोळत व्हतास."

"चोळंल नायतर काय करील रं? हात हाय त्यो." चांगोने मूठ चाकाच्या भोकात घालून पाहिली. ती नीट बसली. "लाव लाकूड. सदऱ्याचं हात वर घेतो तवर."

आत बाळ रडलं आणि मोतीबाईने त्याला जवळ घेतल्याचा आवाज आला. हिरामणने लाकूड लेथवर चढवलं, दोन्ही टोकं घट्ट केली. चांगोने वर पाहिलं. चाक अजून भिंतीशीच होतं, तरी तो सवयीने थांबला, "हं" ऐकायला थांबावं तसा.

हिरामण भिंतीशी गेला आणि त्याने मोटरचं बटण दाबलं.

मोटर घुरघुरली, मग तिचा सूर लागला. लाकडाचा पिवळसर भुसा उडू लागला. गाठ आली तेव्हा हिरामणने पटाशी स्वतःच मागं घेतली. एक गज पुरा होईस्तोवर त्याने मान वळवली नाही. वळवली तेव्हा पोतं रिकामं होतं. मूठ चाकात तशीच होती.

बारसं थाटात झालं. चांगो आला होता, नवीन टोपी घालून. बाळाला झबलं दिलं, पाळण्याच्या गजांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत नेला. तो शेवटच्या तीन गजांशी थांबला की नाही, हे हिरामणने पाहिलं नाही. तो पाहुण्यांना घुगऱ्या वाटत होता.

फाल्गुनात नवशा नवं बिल घेऊन आला. धंद्याचा दर लागला होता. देताना त्याचाच जीव कसनुसा झाला.

"काका, चाक हाय की दारात. मग मोटर कशापायी?"

"चाक फिरवाया मानूस नाय," हिरामण म्हणाला.

नवशाने दोन घरांपलीकडे पाहिलं. चांगो आपल्या ओट्यावर उन्हाला बसला होता. नवशाने सायकल वळवली.

चांगो त्यानंतर दोन वर्षांनी, सत्त्याहत्तरच्या वैशाखात, वारला.